एकच रिव्हॉल्व्हर, दोन काडतुसं: रुगर सिंगल-सिक्सचा सिलिंडर बदलताना

अमेरिकेत राहणाऱ्या, हौसेने रेंजवर जाणाऱ्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न वारंवार येतो. ".२२ चं रिव्हॉल्व्हर आहे, त्यात मॅग्नम टाकता येईल का?" उत्तर बंदुकीवर अवलंबून आहे. कारखान्यातूनच दोन सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) घेऊन आलेली रिव्हॉल्व्हर असेल तर येईल, आणि ते काम मिनिटाभराचं आहे. तशी नसेल तर घरी काहीही करायचं नाही.

हा लेख पहिल्या प्रकाराबद्दल आहे आणि उदाहरण घेतलंय रुगर सिंगल-सिक्सचं. अमेरिकेत .२२ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे खूप दिसतं. १९५३ मध्ये ते बाजारात आलं. १९७३ पासून 'न्यू मॉडेल' निघतं, त्यात ट्रान्सफर बार नावाची सुरक्षेची पट्टी असते. 'कन्व्हर्टिबल' म्हणून विकतात त्या खोक्यात दोन सिलिंडर असतात, एक .२२ लाँग रायफलचा (यापुढे एलआर) आणि एक .२२ विंचेस्टर मॅग्नमचा. हेरिटेजचं रफ रायडर आणि नॉर्थ अमेरिकन आर्म्सची खिशातली चिमुकली रिव्हॉल्व्हरंही अशा जोडीत मिळतात. तत्त्व तेच, पण पिना-कळा वेगळ्या, म्हणून त्यांच्यासाठी त्यांचंच मॅन्युअल बघा.

आधी स्वतःचा व्हिसा बघा

हे बंदुकीच्या आधी लिहितोय, कारण आपल्या लोकांची गफलत इथेच होते. एच-वन-बी, एफ-वन, एल-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे, आणि काडतुसं बाळगायलाही. काही अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर ही अडचण नाही, पण राज्याचे नियम असतातच. बी-टू व्हिसावर आलेल्या आईबाबांना "चला, रेंजवर मजा करू" म्हणून घेऊन जाणारे पुष्कळ आहेत. भाड्याची बंदूक हातात घेणं हेही कायद्याच्या नजरेत बाळगणंच ठरू शकतं. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, रेंजवरच्या काउंटरला नको.

भारतात बसून वाचत असाल तर हा लेख फक्त माहितीसाठी. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे लायसन्सशिवाय शस्त्रात बदल करणंच काय, दुरुस्ती किंवा चाचणी करणंही गुन्हा आहे. बंदुकीचा सुटा भागसुद्धा त्या कायद्यात शस्त्रच धरला जातो. तेव्हा जादाचा सिलिंडर "नुसता लोखंडाचा तुकडा" म्हणून बॅगेत टाकून मुंबईला न्यायचा विचार मनातही आणू नका.

ही दोन काडतुसं वेगळी का आहेत

.२२ एलआर आपल्याला अनोळखी नाही. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं ते याच काडतुसाने. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफलचं कांस्य मिळवलं तेही याच काडतुसाने. १८८७ सालापासून चालत आलेलं, स्वस्त, धक्का न देणारं. मॅग्नम बरंच धाकटं, १९५९ चं.

दोन्ही रिमफायर, म्हणजे पेटणारं रसायन काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि फायरिंग पिन मध्यावर न लागता त्या कडेवर आपटते. म्हणूनच एकाच फ्रेमवर (बंदुकीच्या सांगाड्यावर), एकाच फायरिंग पिनने दोन्ही चालतात. दोघांचा कमाल दाबही साधारण सारखाच, चौरस इंचाला २४,००० पौंडांच्या घरातला.

फरक आहे तो कवचाच्या मापात. एलआरची गोळी आणि कवच बाहेरून एकाच जाडीचे असतात, गोळीचं बूड तेवढं बारीक करून कवचात बसवलेलं असतं. त्यामुळे कवचाची जाडी जेमतेम ५.७ मिलिमीटर आणि लांबी १५.६. मॅग्नममध्ये गोळीचं बूड बारीक न करता पूर्ण जाडीनिशी कवचाच्या आत बसतं, म्हणून कवच ६.१ मिलिमीटर जाड आणि जवळजवळ २७ मिलिमीटर लांब.

जाडीतला ०.४ मिलिमीटरचा हा फरकच सगळ्या घोळाचं मूळ आहे. मॅग्नमचं काडतूस एलआरच्या सिलिंडरमधल्या भोकात जातच नाही, ती चूक होणारच नाही. उलटी चूक मात्र सहज होते. एलआरचं काडतूस मॅग्नमच्या भोकात अलगद घसरतं, थोडं खुळखुळतं, आणि चाप ओढला तर बहुधा उडतंही. पातळ पितळी कवचाला आधार द्यायला भिंत जवळ नसते, म्हणून ते फुगतं, उभं फाटतं, आणि गरम वायू मागच्या बाजूला, म्हणजे तुमच्या तोंडाच्या दिशेने येतो. नेम तर लागतच नाही. "माझ्याकडे एकदा उडालं, काही झालं नाही" असं सांगणारा प्रत्येक रेंजवर एक असतो. त्याच्या शेजारच्या लेनमध्ये उभं राहू नका.

.१७ एचएमआर हे काडतूस मॅग्नमचंच तोंड आवळून बनवलेलं आहे, पण त्याची गोळी बारीक, त्यामुळे तेही इथे चालत नाही. .२२ डब्ल्यूआरएफ हे १८९० चं जुनं काडतूस मात्र मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये चालतं, कारण त्याच्या कवचाची जाडी तीच, लांबी फक्त कमी. कुठे मिळालंच तर.

सिलिंडर खरंच तुमच्याच बंदुकीचा आहे ना

नवी पेटी घेतली असेल तर हा भाग सोडून पुढे जा. जुन्या बाजारातून किंवा गन-शोमधून घेतली असेल तर इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या.

मॅग्नमच्या सिलिंडरवर बाहेरून 'विन मॅग्नम' अशा अर्थाची अक्षरं कोरलेली असतात. एलआरचा सिलिंडर अनेकदा कोराच असतो. अक्षरं पुसट झाली असतील तर सिलिंडर बंदुकीतून काढून हातात घ्या आणि एलआरचं उडवलेलं, रिकामं कवच आत टाका. एलआरच्या सिलिंडरमध्ये ते नीट बसेल. मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये अंगठ्याने हलवलं की डगडगेल. भरलेलं काडतूस या तपासणीला वापरू नका, गरज नाही.

जुन्या जोड्यांमध्ये जादाच्या सिलिंडरवर बंदुकीच्या नंबरातले शेवटचे आकडे बारीक कोरलेले सापडतात. ते फ्रेमवरच्या नंबराशी जुळवून बघा. जुळले नाहीत तर विक्रेता कितीही गोड बोलला तरी समजा की ही जोडी कुणीतरी नंतर लावलेली आहे. दोन सिंगल-सिक्स दिसायला हुबेहूब असल्या तरी सिलिंडर प्रत्येक फ्रेमला कारखान्यात बसवून, तपासून दिलेला असतो. मागच्या दातेरी चक्रात कागदाएवढा फरक असला तरी भोक आणि नळी एका रेषेत येत नाहीत. मग गोळी नळीत शिरताना कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूने उडतात.

बंदूक फक्त एलआरची म्हणून विकत घेतली आणि आता मॅग्नमचा सिलिंडर हवाय, तर त्याची रीत अशी: अमेरिकेतल्या अमेरिकेत, लायसन्सधारक दुकानामार्फत किंवा थेट, बंदूक रुगरच्या कारखान्याकडे पाठवायची. ते सिलिंडर बसवून, चाचणी करून परत देतात. वेळ लागेल, पैसे लागतील. ऑनलाइन कुणाचा तरी सुटा सिलिंडर घेऊन, कानस मारून बसवण्यापेक्षा हे शंभरपट बरं. कानस मी मुद्दाम लिहिलं, कारण लोक खरंच मारतात. दातेरी चक्रावरचं पोलाद एकदा गेलं की परत येत नाही.

तीन स्क्रूवालं जुनं मॉडेल, म्हणजे १९७३ पूर्वीचं, असेल तर आणखी एक गोष्ट. त्यात घोडा खाली असताना फायरिंग पिन थेट काडतुसाला टेकते आणि बंदूक हातातून पडली तर उडू शकते. म्हणून त्यात पाचच गोळ्या भरतात आणि घोडा रिकाम्या भोकावर ठेवतात. रुगर अशा बंदुकांना सुरक्षेचा सुटा भाग विनामूल्य बसवून देतं आणि काढलेले मूळ भाग परत करतं, त्यामुळे जुन्या वस्तू जमवणाऱ्यांनी मोडतोडीची काळजी करू नये.

सिलिंडर बदलण्याची कृती (न्यू मॉडेल)

सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून मगच टेबलावर बसा. एखादं चुकून राहिलं तर काय, याचं उत्तर शोधत बसण्यापेक्षा ती खोलीत नसणं सोपं.

१. नळी भिंतीकडे नको, सुरक्षित दिशेला धरा. लोडिंग गेट, म्हणजे काडतुसं भरायचं बाजूचं झाकण, उघडा. न्यू मॉडेलमध्ये गेट उघडलं की सिलिंडर मोकळा फिरतो, घोडा ओढायला लागत नाही. सहाही भोकं एकेक करून फिरवून बघा. काही असेल तर इजेक्टरच्या दांडीने ढकलून काढा. मग पुन्हा एकदा फिरवा. डोळ्यांनी बघितल्यावर करंगळीच्या टोकाने चाचपूनही बघा, विशेषतः संध्याकाळच्या उजेडात.

२. घोडा पूर्ण खाली, गेट उघडं. फ्रेमच्या पुढच्या भागात, सिलिंडरच्या आडव्या रेषेच्या खाली, एक छोटी कळ असते. ती दाबून धरा आणि बेस पिन, म्हणजे सिलिंडरच्या मधून जाणारी लांब दांडी, पुढे ओढा. नव्या बंदुकीत ती घट्ट असते. पकडीने ओढू नका, ओरखडे पडतात. बोटांना फडकं गुंडाळलं की येते.

३. सिलिंडर गेटच्या बाजूने बाहेर येतो. दुसऱ्या हाताची ओंजळ खाली धरा. फरशीवर पडून कडेला डेंट पडला तर भोकाचं तोंड वेडंवाकडं होतं.

४. दुसरा सिलिंडर त्याच बाजूने आत सरकवा, दातेरी बाजू मागे. अडला तर जोर करू नका, थोडा फिरवा. सिलिंडर फिरवणाऱ्या आतल्या पंजाला दाताने ढकलून जागा करून द्यावी लागते, एवढंच असतं ते.

५. बेस पिन परत आत. कळेचा 'टक' आवाज येईपर्यंत ढकला आणि मग कळ न दाबता ती ओढून बघा, हलली नाही पाहिजे. पिन अर्धवट राहिली तर पहिल्याच धक्क्याला पुढे येते. मॅग्नममध्ये तर नक्की येते.

६. गेट बंद करा. आता रिकाम्या बंदुकीवर घोडा हळूहळू, मोजून सहा वेळा ओढा आणि दरवेळी अंगठ्याने धरून खाली आणा. घोडा पूर्ण मागे पोचायच्या आत सिलिंडर 'कट्' करून अडकला पाहिजे. अडकल्यावर बोटाने हलवून बघा, थोडी सैल हालचाल चालते, पण पुढचं भोक समोर येईल इतका फिरत असेल तर ती बंदूक उडवायची नाही. सहापैकी एकाच भोकावर अडखळत असेल तर सिलिंडरच्या मागच्या बाजूला त्या जागी घाण आहे का बघा. बहुतेक वेळा तेवढंच असतं.

७. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असेल तर नळी आणि सिलिंडरमधली फट मोजा. एक-दोन दशांश मिलिमीटर ठीक आहे. दोन्ही सिलिंडरना ती जवळपास सारखी यायला हवी. एकात पट्टी सहज सरकते आणि दुसऱ्यात जातच नाही असं झालं तर कारखान्याला विचारा.

रिकाम्या बंदुकीचा घोडा पुन्हा पुन्हा सोडून 'टकटक' करण्याची सवय रिमफायरमध्ये मला पसंत नाही. पिन कवचाऐवजी भोकाच्या काठावर लागली तर तिथे खळगा पडतो आणि मग काडतूस कडेला अडकायला लागतं. सरावासाठी प्लास्टिकची खोटी काडतुसं मिळतात.

रेंजवर

दोन्ही प्रकारची काडतुसं एकाच वेळी टेबलावर उघडी ठेवायची नाहीत. इतका साधा नियम, पण तोच पहिल्यांदा मोडला जातो, कारण शेजारचा मित्र म्हणतो, "हे घे, माझ्याकडे उरलीयेत." एका बैठकीत एकच सिलिंडर, एकच खोका, दुसरा बॅगेत आणि बॅगेची चेन बंद. रंगीत डबे घेतलेत तर उत्तमच. एलआरची गोळी अनेकदा उघड्या शिशाची, मेणचट असते आणि बोटांना काळं लागतं. मॅग्नमवर बहुधा तांब्याचं आवरण चमकतं आणि काडतूस लांबीने उठून दिसतं. खात्री नसेल तर दोन्ही शेजारी धरून बघा, मग संशय उरत नाही.

चष्मा आणि कानांचं संरक्षण दोघांनाही हवं, पण मॅग्नमला जास्त. छोट्या नळीतून त्याचा आवाज कानठळ्या बसवतो आणि नळीच्या तोंडाशी आगीचा भडका दिसतो. रायफलच्या लांब नळीत ४० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला १,९०० फुटांच्या आसपास जाते. रिव्हॉल्व्हरमध्ये तिला तेवढा वेग मिळत नाही, दारूचा बराच भाग बाहेर येऊनच जळतो. म्हणजे जास्त पैसे देऊन तुम्ही थोडा वेग आणि पुष्कळ आवाज विकत घेता. म्हणून रोजच्या सरावाला मी एलआरचाच सिलिंडर ठेवा म्हणतो. मॅग्नमचा एखादा डबा शेतावर साप-उंदरांचा त्रास असेल किंवा कुतूहल असेल तेव्हा.

नवा सिलिंडर चढवला की पहिल्यांदा एकच काडतूस भरा. उडवा, रिकामं कवच काढून निरखा. ते सरळ, गोल निघालं पाहिजे. कडेवर पिनची खूण एका बाजूला, नीट दाबलेली दिसली पाहिजे. कवच मधे फुगलेलं किंवा उभं चिरलेलं असेल तर थांबा, चुकीचा सिलिंडर किंवा चुकीचं काडतूस आहे. सगळं ठीक वाटलं तर दोन भरा, मग सहा. बाजूला कुणी उभं नको. सिलिंडरच्या फटीतून वायू आणि शिशाचे कण दोन्ही बाजूंना उडतात, म्हणून पुढचा हातही सिलिंडरच्या पुढे नेऊन धरू नका.

चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर नळी लक्ष्याकडे धरून अर्धा मिनिट थांबा. रिमफायरमध्ये उशिरा पेटणारं काडतूस येतं. नेहमीच्या 'ठो'ऐवजी 'फुस्स' असा मवाळ आवाज आला, तर पुढचं काडतूस उडवायचं नाही. बंदूक रिकामी करून, सिलिंडर काढून, नळीतून आरपार बघा. गोळी अर्ध्यात अडकली असेल आणि मागून दुसरी आली तर नळी फुगते.

नेम

सिलिंडर बदलला की नेमही बदलतो. गोळीचं वजन, वेग आणि नळीच्या उचलण्याचा वेळ सगळंच वेगळं होतं. शिवाय सिंगल-सिक्सची नळी दोन्हींना चालेल अशी मॅग्नमच्या मापाची असते. एलआरची गोळी त्या मापाला जराशी बारीकच, त्यामुळे फक्त एलआरसाठी बनवलेल्या चांगल्या टार्गेट पिस्तुलाइतके घट्ट गट (कागदावर जवळजवळ पडलेली भोकं) अपेक्षू नका.

मागची दृष्टी (नेम धरायची मागची खाच, रिअर साइट) स्क्रूने वरखाली आणि डावीउजवी करता येते. गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची दृष्टी न्या, हे एक वाक्य लक्षात ठेवलं की पुरे. आधार घेऊन २५ यार्डांवर पाच-पाच गोळ्यांचे दोन गट एलआरने टाका, मध्य काढा, दृष्टी जुळवा. मग स्क्रूला हात न लावता मॅग्नम चढवा आणि फरक बघा. स्क्रूच्या किती टिचक्या कुठल्या दिशेला लागतात ते वहीत लिहा, आणि काडतुसाचा ब्रँडही लिहा. ब्रँड बदलला की आकडे बदलतात. अनेक जण दृष्टी एलआरवर कायम ठेवतात आणि मॅग्नमच्या वेळी "दोन इंच वर धर" असं मनाशी म्हणतात, हेही चालतं, फक्त ते 'दोन इंच' आधी कागदावर मोजलेले असू द्या.

जुन्या बंदुकांचं काय

आजोबा-पणजोबांच्या पेटीतून निघालेलं १९ व्या शतकातलं रिमफायर, असा प्रश्नही अधूनमधून येतो, अमेरिकन सासरकडून येतो बहुधा. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १ हे १८५७ मध्ये निघालेलं .२२ शॉर्टचं (एलआरपेक्षा आखूड काडतुसाचं) रिव्हॉल्व्हर. आरपार भोकं असलेल्या सिलिंडरचं रोलिन व्हाइटचं पेटंट १८५५ चं, ते स्मिथ अँड वेसनने आपल्याकडे घेतलं होतं. १८६९ ला ते संपेपर्यंत कोल्टला हात चोळत बसावं लागलं. त्यानंतर कोल्टने सिंगल अ‍ॅक्शन आर्मी .४४ हेन्री रिमफायरमध्येही बनवलं, आणि पुढे रिमफायर काडतुसं मिळेनाशी झाली तेव्हा त्यातल्या अनेक बंदुका कारागिरांनी सेंटरफायरमध्ये (पिन बुडाच्या मध्यावर लागणाऱ्या काडतुसांसाठी) बदलल्या.

पण तो बदल म्हणजे सिलिंडर काढून दुसरा घालणं नव्हे. पिनची जागा, सिलिंडरची भिंत, फ्रेमची ताकद सगळं बघावं लागतं, आणि त्या काळचं पोलाद काळ्या दारूच्या हलक्या दाबासाठी होतं. आजचं .२२ शॉर्ट त्या मॉडेल १ मध्ये मावतं, म्हणून उडवायचं असं नाही. अशी बंदूक संग्रहाच्या तज्ज्ञाकडून ओळखवून घ्या आणि भिंतीवर ठेवा. बदललेल्या बंदुकीची संग्रहातली किंमतही जाते, हे सासऱ्यांना आधी सांगितलेलं बरं.

सफाई आणि साठवण

एलआर घाण जास्त करतं: मेण, शिसं, काजळी. भोकांत ब्रॉन्झचा ब्रश मागून पुढे घाला, सॉल्व्हंटने पुसा, शेवटी कोरड्या कपड्याने. आत तेल राहिलं तर कवच मागे दाबलं जातं आणि सिलिंडर घासायला लागतो. .२२ शॉर्ट किंवा .२२ लाँग वापरले असतील तर त्या आखूड कवचांच्या पुढे कार्बनची कडक रिंग बसते आणि नंतर एलआर पूर्ण आत जात नाही. तिथे ब्रश दोन-चार वेळा जास्त फिरवा. बेस पिनला तेलाचा एक थेंब पुरतो.

जादाचा सिलिंडर रुगरकडून लाल कापडी पिशवीत येतो. ती पिशवी चांगली आहे, चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, चामडं ओलावा धरून ठेवतं आणि गंज चढतो. हलकं तेल लावून, पिशवीवर पक्क्या शाईने 'मॅग्नम' लिहून, बंदुकीच्या तिजोरीतच ठेवा. विकताना जोडी पूर्ण असली तर किंमत बरी येते, सिलिंडर हरवला तर ती बंदूक साधी सिंगल-सिक्स होऊन बसते.

आणि रेंजची बॅग रेंजचीच ठेवा. गणपतीला किंवा दिवाळीला घरी जाताना तीच सॅक उचलून लॅपटॉप भरला, आणि तळाच्या शिवणीत एलआरचं एक काडतूस राहिलं असेल, तर मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये ते दिसतंच. मग "विसरलो होतो" हे पोलीस ठाण्यात लिहून द्यावं लागतं आणि पुढे वकील. प्रवासाची बॅग वेगळी ठेवा, आणि तरीही निघायच्या आदल्या रात्री ती उलटी करून झटका.